हातच्याची वजाबाकी

डॉक्टर म्हणाले, एक वही करा. काय जातंय, कधी गेलं, ते लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी येताना आणा. घरात आईचीच एक शंभर पानी वही कोरी पडलेली होती. वर तिच्या वळणदार अक्षरात ‘टाचण’ एवढंच लिहिलेलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत अडतीस वर्षं तिने रोज रात्री टाचण काढलं, उद्या वर्गात काय शिकवायचं त्याचं. मी त्याच वहीत सुरुवात केली.

मीठ

ऑगस्ट २०१९. (आठवून लिहिलेलं.)

आमटी अळणी. दुसऱ्या दिवशी खारट. ‘साठी बुद्धी नाठी,’ आई स्वतःच हसून म्हणाली. तेव्हा ती बहात्तर वर्षांची होती. पुढे चहात साखर दोनदा, कुकरमध्ये पाणीच नाही. होळीला पुरण शिजवलं, कट काढला आणि पुरणयंत्र हातात धरून ती ओट्यापाशी उभी राहिली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, ‘काही नाही, आता काय असतं?’

मिठाचा विसर कुणालाही पडतो. एकापुढे एक करायच्या कामांची ओळ मोडायला लागते, तेव्हा थांबून बघावं. आम्ही थांबलो नाही. वय झालं म्हणालो, मग लॉकडाऊन आलं. दीड वर्ष गेलं.

नाव

फेब्रुवारी २०२१.

आधी रक्त तपासलं, मग डोक्याचा एमआरआय. विसरण्याची काही कारणं परतीची असतात: बी-१२ कमी असणं, थायरॉइड मंदावणं, नैराश्य, पडल्यावर डोक्यात साकळलेलं रक्त, मेंदूत साचलेलं पाणी, कधी दुसऱ्याच आजारासाठी चालू असलेली गोळी. आम्ही देवाकडे बी-१२ मागितलं. ते कमी निघालंही. इंजेक्शनं झाली, पायांच्या मुंग्या गेल्या, विसरणं राहिलं.

डिमेन्शिया हे कुळाचं नाव. अल्झायमर हे त्यातलं सगळ्यात मोठं घराणं, शंभरातले साठ-सत्तर त्याचे. बाकीच्यांत कुणाचा मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबून आलेला, कुणाचा लेवी बॉडीचा, कुणाचा कपाळामागच्या भागातून सुरू झालेला. त्यात विसरण्याआधी स्वभावच बदलतो. आई मोठ्या घराण्यातली निघाली. डोनेपेझिल नावाची गोळी सुरू झाली. तिने आजार बरा होत नाही, काहींना काही काळ जरा सावरायला होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं.

मराठीत स्मृतिभ्रंश. हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तिथे आधी राग येतो, रागातून मोह, आणि मोहाच्या पाठोपाठ स्मृती ढळते. आत्या म्हणाली, ‘म्हातारचळ गं, दुसरं काय!’ चळ, भ्रमिष्ट, साठी बुद्धी नाठी. आपल्याकडच्या सगळ्या शब्दांत थोडा दोष त्या माणसाच्याच पदरात पडतो.

शंभरातून सात

त्याच दिवशी, तपासणीच्या खोलीत.

तीस गुणांची परीक्षा. आज वार कोणता, आपण कितव्या मजल्यावर आहोत, हे तीन शब्द लक्षात ठेवा. मग शंभरातून सात वजा करा, उरतील त्यातून पुन्हा सात, असं पाच वेळा. आई पदर सारखा करून ताठ बसली. ‘त्र्याण्णव.’ मग, ‘शहाऐंशी.’ मग, ‘सहातून सात जात नाहीत.’ तिथेच थांबली. तीनदा तेच म्हणाली, दर वेळी आवाज लहान.

घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. तिने गोल सुरेख काढला. बाराच्या बारा आकडे उजव्या बाजूला, एकमेकांच्या अंगावर. काटे नाहीत. कागद लांब धरून तिने पाहिला आणि विचारलं, ‘हे गिचमिड कुणी काढलं?’

सतरा गुण.

कानाचं मशीन

२०१६ साली घेतलेलं. ‘शिट्टी वाजते’ म्हणून कपाटाच्या खणात. वहीत ते नोंदवलं नसतं, पण २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने डिमेन्शियाला हातभार लावणारी चौदा कारणं मांडली, त्यात कमी झालेलं ऐकू येणं आहे. बरोबर रक्तदाब, मधुमेह, कमी शिक्षण, एकटेपणा, उपचार न झालेली कमजोर नजर, आणखी काही. ही सगळी आवरता आली, तर शंभरातले पंचेचाळीस जण डिमेन्शिया टाळू शकतील किंवा पुढे ढकलू शकतील, असा त्यांचा हिशेब. आईच्या बाबतीत काय झालं असतं, ते मशीनला विचारून उपयोग नाही. माझ्या कानांची तपासणी मी हे वाचलं त्याच महिन्यात करून घेतली.

पाटल्या

जून २०२१.

पाटल्या नाहीत. आईने कामाच्या मावशींवर आळ घेतला, तोंडावर. नऊ वर्षं आमच्याकडे असलेल्या मावशी पिशवी उचलून निघून गेल्या. चार दिवसांनी पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या, रुमालात बांधलेल्या. आईला दाखवल्या, तर म्हणाली, ‘आणून ठेवल्यान् बघ गुपचूप.’

ठेवल्याची आठवण पुसली जाते, पाटल्या नसल्याचं दिसत राहतं. मधली जागा मेंदू रिकामी ठेवत नाही, गोष्ट रचतो. हे मला नंतर कळलं. मावशींच्या घरी जाऊन मी माफी मागितली, पण त्या परत आल्या नाहीत.

काल

कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडायचं काम आईचं. जुलैच्या पानावर रोज खाडा. दूध रोज येत होतं.

पेपरातला एकच मथळा ती तीनदा मोठ्याने वाचते, तिन्ही वेळा तितक्याच नवलाने. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग असतो. आजचं ते उद्यासाठी ठेवून देणं त्याचं काम. अल्झायमर बहुधा तिथूनच आत शिरतो. त्यामुळे जाण्याचा क्रम उलटा असतो. जे शेवटी आलं, ते आधी जातं. आधी सकाळ गेली, मग कालचा दिवस, मग इथली, डोंबिवलीतली वर्षं, मग बाबांचं जाणं. बाबा कुठे गेलेत, असं तिने पहिल्यांदा विचारलं, तेव्हा मी खरं सांगितलं. ती नव्याने विधवा झाली. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही सांगितलं. तिसऱ्यांदा मी म्हणाले, ‘वाईच्या वाड्यावर गेलेत.’

पावकी, निमकी

शाबूत.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी: साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. आंघोळ घालताना कुठलाही पाढा सुरू करून द्यायचा, ती पुढे नेते, आणि तेवढ्यात केस धुऊन होतात. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. १९५७ साली नवे पैसे आले, पुढच्या वर्षापासून किलो-लिटर येऊ लागले. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. आधीचं सगळं पाठ होऊन बसलेलं.

माझ्याकडे यातलं काही नाही. ही मापं आमच्या घरातून केव्हाच गेली. तिच्याकडे आहेत.

सांडशी

जानेवारी २०२२: ‘सांडशी दे.’
मे २०२२: ‘ते चिमटं दे.’
डिसेंबर २०२२: ‘ते, धरायचं.’
मार्च २०२३: नुसती बोटं. उघडतात, मिटतात.

सही

नोव्हेंबर २०२२.

निवृत्तिवेतन चालू राहायचं, तर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेने सही जुळत नाही म्हणून कागद परत केला. दुसऱ्या कागदावर आईने पहिलं नाव लिहिलं आणि पेन वर धरून माझ्याकडे पाहिलं.

१९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आलोइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरपुढे ऑगुस्ट डीटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई बसली होती. त्याने तिला नाव लिहायला सांगितलं. तिने ‘श्रीमती’ एवढं लिहिलं. पुढचं तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. १९०६ साली ती गेल्यावर त्याने तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि जे दिसलं ते ट्युबिंगेनच्या सभेत मांडलं. १९१० साली आजाराला त्याचं नाव मिळालं.

आईने शेवटी अंगठा दिला. शाळा सुटल्यावर गावातल्या बायांना सही शिकवायची ती. शाईचा डाग तिने दिवसभर पदराला पुसला.

वकिलांनी सांगितलेलं इथेच लिहून ठेवते, कारण आम्हाला उशिरा कळलं. मुखत्यारपत्र, मृत्युपत्र, खात्यावरचं जोडनाव, सगळं निदानानंतर लगेच करायचं, माणसाला समजतंय तोवर. समज गेली की आधी केलेलं मुखत्यारपत्रही टिकत नाही. मग कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागतो.

तू

गुरुवार, ९ मार्च २०२३, सकाळी.

मी चहा ठेवला. आई म्हणाली, ‘तुम्ही घेतलात का?’

मला वाटलं, मागे कुणी आलंय. वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

आईने मला बाळे म्हटलंय, कार्टे म्हटलंय, भांडणात ‘अगं ए बये’ म्हटलंय. ‘तुम्ही’ पहिल्यांदाच. त्यात काही चुकलेलं नव्हतं. अनोळखी बाईने चहा करून दिला, तर तिला असंच विचारावं, असंच तिने मलाही शिकवलंय. दुपारी पुन्हा ‘तू’ झालं. संध्याकाळी ‘अक्का’ झालं, तिच्या थोरल्या बहिणीचं. त्यानंतर मी रोज सकाळी पहिल्या वाक्याची वाट बघते. वहीत त्यासाठी रकाना आखलाय: तू, तुम्ही, अक्का. मेमध्ये ‘तू’ अकरा. जूनमध्ये चार.

दादा न्यू जर्सीहून रविवारी व्हिडिओ कॉल करतो. पाच मिनिटं ती छान बोलते: बरा आहेस ना, जेवलास ना, थंडी आहे का. ‘मला तर आई बरी वाटली,’ तो म्हणतो. त्या पाच वाक्यांना कुणाची ओळख लागत नाही.

घर

रोज, दिवेलागणीला.

‘घरी जायचंय.’ पिशवी भरलेली: एक टॉवेल, कंगवा, टीव्हीचा रिमोट. हे तुझंच घर, असं सांगून मी महिनाभर भांडले. वाईचा वाडा विकला, तिथे आता इमारत आहे, तिचे फोटोही दाखवले. ती रडायची, मग हात उगारायची.

उजेड उतरू लागला की या आजारात जीव जास्त घाबरा होतो. सावल्या लांबतात, ओळखीची खोली अनोळखी दिसते, दिवसाचा थकवा चढतो. म्हणून साडेपाचलाच सगळे दिवे लावायचे, पडदे ओढायचे. तरीही पिशवी निघालीच, तर चपला घालायच्या. ‘चल, सोडते तुला.’ इमारतीला दोन फेऱ्या, वॉचमनशी दोन शब्द, पारिजातकापाशी थांबायचं. मग जिना चढून, कुलूप काढून म्हणायचं, ‘आलं बघ घर.’

‘किती लांब राहतो आपण,’ ती म्हणते.

आरसा

सप्टेंबर २०२३. कपाटाच्या आरशातली म्हातारी सारखी बघते म्हणून तक्रार. आधी तिला चहा विचारून झालं. आता आरशावर चादर.

दाराची कडी

न्हाणीघराची आतली कडी काढली. गॅस रात्री सिलिंडरपाशी बंद. बाहेरच्या दाराला वरची कडी, तिचा हात आणि नजर पोचणार नाहीत अशी.

ती कडी लावायला विसरले, तो दिवस: १४ ऑक्टोबर. अडीच तास. एसटी स्टँडच्या रस्त्यावर एका रिक्षावाल्याने तिला पाहिलं. ‘वाईची गाडी कुठे लागते?’ असं विचारत होती, पायात दोन वेगळ्या चपला. तिच्या ब्लाउजला आतून शिवलेल्या पट्टीवर माझा नंबर होता, पण शोधणार कोण? त्याने विचारपूस करत करत मेडिकलवाल्यापर्यंत आणली आणि त्याने ओळखलं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ मी त्याच आठवड्यात पुन्हा पाहिला. संस्कृतचा मोठा पंडित गाडीतून उतरून एका हत्तीमागे चालत जातो आणि हरवतो. पंडित झालेले मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. माहुताच्या बायकोच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या बाईला आजाराचं नाव माहीत नसतं. आपल्याकडे एक लेकरू आलंय, एवढंच तिला कळतं.

तोवर मी आईचं असं झालंय हे बिल्डिंगमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. शिकवणाऱ्या बाई होत्या ना. दुसऱ्या दिवशी वॉचमन, मेडिकलवाला, वाणी, रिक्षास्टँड, खालच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यांना सांगितलं आणि तिचा फोटो दिला. त्यांतले तिघे म्हणाले, आमच्याही घरी होतं.

माझं

वहीत हे पान नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, ‘आणि तुमचं काय काय गेलं?’

नोकरी, मे २०२२. झोप. शनिवारची भिशी. दोन मैत्रिणी. आवाज: ११ डिसेंबरला मी आईवर ओरडले, तिने सातव्यांदा विचारलं म्हणून. ती कोपऱ्यात जाऊन कान पकडून उभी राहिली, तिच्या वर्गातल्या पोरासारखी.

त्यानंतर मी सांभाळणाऱ्यांच्या बैठकीला गेले. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ साली केरळात सुरू झाली, मुंबईतही तिची शाखा आहे. साठीपुढच्या अठ्ठ्याऐंशी लाख भारतीयांना डिमेन्शिया आहे, शंभरात सातहून जास्त, हा २०२३ साली छापून आलेला अंदाज मी वाचला होता. त्या खोलीत खुर्च्यांवर बसलेल्या माणसांएवढा तो आकडा मला कधी खरा वाटला नव्हता. कुणी भाषण केलं नाही. एक गृहस्थ म्हणाले, पांढऱ्या ताटात पांढरा भात त्यांना दिसत नाही, रंगीत ताट घ्या. एक सून म्हणाली, समोर जाऊन, डोळ्यांत बघून, एका वेळी एकच गोष्ट सांगा. एक मुलगा म्हणाला, ‘मीही ओरडतो.’ आणि चहा आला.

लाल ताट आणलं. आई भात संपवू लागली.

दोन नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर: १४५६७, ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन. १४४१६, टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठी, सांभाळणाऱ्याच्यासुद्धा. दुसरा मी रात्री दोन वाजता एकदा लावलाय.

जानेवारी २०२४ पासून ब्युरोची बाई येते, बारा तासांची. आईचं निवृत्तिवेतन बहुतेक तिला जातं. पहिल्या दिवशी मी बाहेर पडले, कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन एकटीने इडली खाल्ली आणि तिथेच बसून राहिले.

मूग आणि मटकी

रोज पाच वाजता सुपात मूग आणि मटकी एकत्र करून आईपुढे ठेवते. ती निवडते. बोटं चुकत नाहीत. साडेसहापर्यंत दोन ढीग होतात आणि पिशवी भरायची वेळ टळून जाते. ‘झालं हो तुमचं काम,’ ती म्हणते. रात्री ती झोपल्यावर मी दोन्ही ढीग परत मिसळते.

पहिल्या दिवशी मिसळताना हात थबकला होता. आता थबकत नाही.

हातचा

मे २०२४.

ब्युरोच्या बाईने सुट्टी म्हणून लेकीला बरोबर आणलं. तिसरी पास. ती फरशीवर पालथी पडून वजाबाकी करत होती, बेचाळीस वजा सतरा, आणि खोडून खोडून कागदाला भोक पडलं होतं. आई खुर्चीतून वाकून बघत होती. मग उठली, बाल्कनीतून खराटा आणला, काड्या मोडल्या, दहा-दहाच्या मोजल्या आणि माझ्या केसांचे रबर मागून घेऊन चार जुड्या बांधल्या. बाजूला दोन सुट्या काड्या.

‘किती?’
‘बेचाळीस.’
‘सात दे मला.’

पोरगी दोन काड्यांकडे बघत बसली.

‘दोनातून सात जात नाहीत,’ आई म्हणाली. ‘मग काय करायचं? रडायचं? आपल्याकडे पुरत नसलं, की शेजारी जायचं. एक जुडी मागून आणायची.’ तिने जुडीचं रबर सोडलं, काड्या दोन सुट्यांत मिसळल्या. ‘हं, आता दे.’

पोरीने सात मोजून दिल्या. उरलेल्या पाच पुन्हा मोजल्या. मग एक अख्खी जुडी दिली. पंचवीस लिहिले.

आईने काड्या गोळा केल्या, हात झटकले आणि वर पाहिलं. मी दारात उभी होते. तिने मला नीट न्याहाळलं, चष्मा वर सरकवला.

‘या ना, आत या. तुम्ही हिच्या पालक का?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘पालक.’

‘हुशार आहे. फक्त मागायला लाजते.’